दोन महायुद्धांमधील वीस वर्षे : कृष्णवर्णीय अमेरिका आणि आपला समाज

१९१६ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातील तीन वर्षांचा अभ्यास आटोपून न्यूयॉर्कहून लंडनला गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला होता. त्याच सुमारास या देशाच्या दक्षिण भागातील रेल्वे स्थानकांवर एक वेगळीच गर्दी जमू लागली होती. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना या राज्यांतील कृष्णवर्णीय कुळे आणि शेतमजूर आपली गाठोडी घेऊन शिकागो, डेट्रॉईट, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या शहरांकडे निघाले होते. इतिहासकार या घटनेला महास्थलांतर म्हणतात. १९१० ते १९३० या वीस वर्षांत सुमारे पंधरा लाख माणसांनी दक्षिण सोडली.

आपली मुले दर फेब्रुवारीत येथील शाळांमध्ये कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकतात. या उपक्रमाचे मूळही त्याच काळात आहे. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ साली फेब्रुवारीतील एका आठवड्यापासून त्याचा आरंभ केला. पण मुलांच्या वाचनात सामान्यतः १८६५ मधील गुलामगिरीच्या समाप्तीनंतर एकदम १९५५ मधील माँटगोमेरीचा बस बहिष्कार येतो. आपल्या घरांतही इतिहास असाच सांगितला जातो : महाडचा सत्याग्रह, मग राज्यघटना, मग दीक्षाभूमी. मधली वर्षे गळून पडतात. त्यामुळे मुलांची अशी समजूत होते की अन्याय बराच काळ चालतो आणि मग एके दिवशी एखादा थोर पुरुष किंवा एखादी धीट स्त्री उभी राहते व तो संपतो. प्रत्यक्षात त्या दिवसाची तयारी अनेक वर्षे आधी कारखान्यांत, मतदान केंद्रांत आणि शाळांच्या बांधकामांत झालेली असते. १९१९ ते १९३९ हा काळ त्या तयारीचा होता, अमेरिकेत आणि आपल्याकडेही. त्याचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

शेतातून कारखान्यात

पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणाऱ्या मजुरांचा ओघ थांबला आणि त्याच वेळी उत्तरेतील कारखान्यांना युद्धसाहित्यासाठी अधिक हात हवे झाले. पुढे १९२४ च्या कायद्याने युरोपीय स्थलांतरावर कडक मर्यादा घातल्या. ज्या कारखान्यांची दारे कृष्णवर्णीयांसाठी आजवर बंद होती ती गरजेपोटी उघडली. १९१० साली शिकागोत सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय राहत होते. १९२० मध्ये ही संख्या एक लाख नऊ हजारांवर गेली आणि १९३० मध्ये दोन लाख चौतीस हजारांच्या आसपास पोहोचली. माणसे निघाली ती केवळ मजुरीसाठी नव्हे. दक्षिणेत कूळ म्हणून राबणाऱ्याचे वर्षअखेरचे हिशेब जमीनमालकाच्या वहीत असत आणि बहुतेकदा कर्ज शिल्लक उरे. कर्ज फिटेपर्यंत गाव सोडता येत नसे. मतदान करू पाहणाऱ्याला मार मिळे, आणि किरकोळ संशयावरून जमाव माणसाला झाडाला लटकावी.

हे वर्णन वाचताना आपल्याला महार वतनाची आठवण होते. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात महाराने गावाची आणि सरकारची कामे रात्री-अपरात्री करायची, आणि त्या बंधनातून मोकळे होण्याचा मार्ग नसावा, अशी ती व्यवस्था होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेकौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते यासाठीच. गावाने बांधून ठेवलेला माणूस शहराकडे पळतो, हा नियम नाशिक-साताऱ्याला लागू होता तसाच मिसिसिपीलाही लागू होता. कोकणातून आणि देशावरून आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि रेल्वेत गेली. विदर्भातील माणसे नागपूरच्या गिरण्यांत गेली.

शहरात पोहोचल्यावर मात्र दोन्हीकडे एकच अनुभव आला. शिकागोच्या कत्तलखान्यांत आणि पोलादाच्या भट्ट्यांवर कृष्णवर्णीयाला काम मिळाले, पण ते सर्वांत उष्ण, सर्वांत घाण आणि सर्वांत कमी मजुरीचे. कुशल कामाच्या जागा गोऱ्यांच्या संघटनांनी राखून ठेवल्या होत्या. रेल्वेतील काही कामगार संघटनांच्या नियमावलीतच सभासद गोरा असला पाहिजे अशी अट होती. मुंबईच्या गिरण्यांत अशी लेखी अट नव्हती, तिची गरजही नव्हती. विणकाम खात्यात, म्हणजे गिरणीच्या बोलीत साचाखात्यात, मजुरी चांगली होती. पण तेथे धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावा लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावायचे, या एका कारणावरून अस्पृश्य कामगाराला साचाखात्याबाहेर ठेवले गेले. १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालण्याचा आग्रह धरला. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. मालकांनी मात्र ही बंदी आपली नसून कामगारांचीच असल्याचे दाखवून दिले. त्या एका गोष्टीत मालकांचे म्हणणे खोटे नव्हते.

ज्याला संघटनेत घेतले जात नाही त्याने संघटनेच्या संपात का सामील व्हावे, हा प्रश्न दोन्ही समाजांपुढे उभा राहिला. १९१९ च्या पोलाद संपात मालकांनी हजारो कृष्णवर्णीय मजुरांना संपफोडे म्हणून आणले. त्यानंतर त्यांना दूषणे देणाऱ्यांनी आपल्या संघटनांची दारे त्यांच्यासाठी किती उघडली होती याचा विचार क्वचितच केला. मुंबईत १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला तेव्हा त्यांच्यावरही अशीच टीका झाली. पण १९३८ साली औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला जो एक दिवसाचा संप झाला त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. अमेरिकेतही १९३५ नंतर नव्या औद्योगिक संघटनांनी वर्ण न पाहता सभासद नोंदवण्यास आरंभ केला. हा बदल सदिच्छेने झाला नाही. ज्या कत्तलखान्यात आणि भट्टीवर मोठ्या संख्येने कामगार कृष्णवर्णीय आहेत तेथे त्यांच्याशिवाय संप यशस्वी होणार नाही, हे गोऱ्या कामगारांना दहा-पंधरा वर्षांच्या पराभवांनी शिकवले.

झोपेच्या डब्यातील हमाल

या काळातील कामगार लढ्यांत आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा असा एक लढा म्हणजे पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांतील सेवकांचा. लांब पल्ल्याच्या गाड्यांतील शयनडब्यांत बिछाने घालणे, बूट चमकवणे, सामान उचलणे ही कामे यादवी युद्धानंतर या कंपनीने कृष्णवर्णीय पुरुषांकडे सोपवली होती. प्रवासी त्यांना कंपनीच्या संस्थापकाच्या नावावरून सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, जसे एके काळी गुलामाला मालकाच्या नावाने ओळखले जाई. महिन्याला सुमारे चारशे तास काम करावे लागे आणि पगार इतका अपुरा की बक्षिशीवर संसार चाले. असे असूनही समाजात या नोकरीला मान होता. हे सेवक देशभर फिरत आणि शिकागोत निघणारे ‘डिफेंडर’ हे वर्तमानपत्र दक्षिणेतील खेड्यापाड्यांत पोहोचवत. उत्तरेकडे या, येथे काम आहे, हा निरोप अनेक घरांत त्यांच्याच हातून गेला.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये या सेवकांची संघटना स्थापन झाली. तिचे नेतृत्व ए. फिलिप रँडॉल्फ यांच्याकडे देण्यात आले. ते स्वतः कंपनीचे नोकर नव्हते, एका मासिकाचे संपादक होते, आणि ज्याला कंपनी कामावरून काढू शकत नाही असाच नेता सेवकांना हवा होता. कंपनीने हेर नेमले, सभासदांना कामावरून कमी केले. म्हणून वर्गणी गोळा करण्याचे आणि निरोप पोहोचवण्याचे काम पुष्कळदा सेवकांच्या पत्नींनी पत्करले. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर या बाई घरोघर जाऊन गुपचूप वर्गणी जमवीत. जून १९२८ मध्ये जाहीर केलेला संप ऐन वेळी मागे घ्यावा लागला आणि त्यानंतर सभासद झपाट्याने गळाले. मंदीच्या वर्षांत संघटना जवळजवळ नामशेष झाली. तरीही उरलेल्यांनी ती सोडली नाही. १९३४ मध्ये रेल्वे कामगार कायद्यात दुरुस्ती झाली, १९३५ मध्ये अमेरिकन कामगार महासंघाने त्यांना पूर्ण मान्यता दिली, आणि २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेला बरोबर बारा वर्षे झाली त्या दिवशी, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे काम चारशे तासांवरून दोनशे चाळीस तासांवर आले.

बारा वर्षे हा काळ वाचताना लहान वाटतो. पण त्या बारा वर्षांत नोकरी गमावलेल्या माणसाची मुले मोठी झाली, काहींची घरे गेली, काही जण विजय पाहण्यापूर्वीच निवर्तले. याच संघटनेच्या बळावर रँडॉल्फ यांनी १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना संरक्षण उद्योगांतील वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढावा लागला. १९६३ च्या ज्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचे जगप्रसिद्ध भाषण झाले, त्याचे नेतृत्व चौऱ्याहत्तर वर्षांचे रँडॉल्फ करीत होते.

कायद्यातील फट

१९३५ साली अमेरिकेत दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने कामगारांना संघटना करण्याचा हक्क दिला, दुसऱ्याने वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाची आणि बेकारी विम्याची सोय केली. दोन्हींत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. पण दोन्हींतून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. त्या वेळी कृष्णवर्णीय श्रमिकांपैकी अर्ध्याहून अधिक जण याच दोन कामांत होते, आणि दक्षिणेत राज्य करणाऱ्या जमीनदार वर्गाचे प्रतिनिधी काँग्रेसमध्ये प्रबळ होते. समर्थकांनी वगळण्याची कारणे प्रशासकीय अडचणींची सांगितली. परिणाम मात्र एकच झाला.

आपल्याला यात नवल वाटू नये. जात ही केवळ जन्माची नोंद नसून ती श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात सांगितले. व्यवसाय वगळला की माणसे आपोआप वगळली जातात, मग कायद्यात जातीचे नाव घ्यावे लागत नाही. म्हणूनच कोणताही कायदा वाचताना त्यात काय लिहिले आहे याबरोबर त्यातून कोण सुटले आहे हेही पाहण्याची सवय आपण ठेवली पाहिजे.

मत आणि मतदारसंघ

दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार मतकर, वाचन परीक्षा आणि केवळ गोऱ्यांसाठीच्या पक्षांतर्गत निवडणुका या मार्गांनी काढून घेतला गेला होता. १९०१ नंतर अमेरिकन काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय सभासद उरला नव्हता. उत्तरेत आलेल्या माणसाला मात्र मत होते. शिकागोच्या दक्षिण भागात घरे मिळत नसल्याने सगळे एकाच पट्ट्यात दाटीने राहत. जो भेदभाव त्यांना एकत्र कोंडत होता त्यानेच त्यांना एक मतदारसंघ मिळवून दिला. १९२८ च्या नोव्हेंबरात ऑस्कर डी प्रीस्ट हे तेथून निवडून आले. अठ्ठावीस वर्षांनंतर काँग्रेसमध्ये बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय सभासद होते.

पण निवडून आलेल्या माणसालाही वर्णरेषा सोडत नव्हती. १९२९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने इतर सभासदांच्या पत्नींप्रमाणे डी प्रीस्ट यांच्या पत्नीलाही व्हाइट हाउसमध्ये चहाला बोलावले, तेव्हा दक्षिणेतील वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळांत निषेधाचा गदारोळ उठला. १९३४ मध्ये संसदेच्याच उपाहारगृहात डी प्रीस्ट यांच्या सचिवाला जेवण नाकारण्यात आले. ज्या समाजाने चहाच्या वेगळ्या कपबशीचा अनुभव घेतला आहे त्याला या घटनांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

तेथे आणखी एक बदल शांतपणे घडत होता. लिंकन यांच्या स्मृतीमुळे कृष्णवर्णीय मतदार पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन पक्षाला मत देत आला होता. १९३० मध्ये न्यायमूर्ती पार्कर यांची सर्वोच्च न्यायालयावरील नेमणूक सिनेटने ४१ विरुद्ध ३९ अशा मतांनी फेटाळली. कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय संघटना आणि कामगार महासंघ या दोघांनी स्वतंत्रपणे त्यांना विरोध केला होता. आपल्या मताने सिनेटर अडचणीत येऊ शकतो, हे त्या वेळी प्रथमच दिसले. १९३४ मध्ये आर्थर मिचेल यांनी डी प्रीस्ट यांचा पराभव केला व ते काँग्रेसमधील पहिले कृष्णवर्णीय डेमोक्रॅट ठरले. १९३६ मध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय मते रूझवेल्ट यांच्याकडे गेली. दोन पक्षांना आपली गरज भासावी, ही स्थिती मिळवण्यासाठी एका पिढीचे निष्ठांतर व्हावे लागले.

भारतात आपल्या समाजापुढील प्रश्न याहून कठीण होता. अस्पृश्य माणूस एका शहरात एकवटलेला नव्हता. तो प्रत्येक गावाच्या कुसाबाहेर, प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य होता. केवळ मताधिकार मिळाला असता तरी त्याच्या मताने कोठेही त्याचा माणूस निवडून आला नसता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देण्यापासून गोलमेज परिषदेपर्यंत बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाच्या पद्धतीवर जो भर दिला त्याचे कारण या भूगोलात आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाने मुंबई इलाख्यात उभे केलेले बहुतेक उमेदवार निवडून आले, आणि त्यांत सर्वसाधारण जागांवरील उमेदवारही होते. निवडून गेल्यावर त्यांनी खोतीविरोधी विधेयक आणले, जे केवळ एका जातीचे नव्हते तर कोकणातील कुणबी कुळांचेही होते. जानेवारी १९३८ मध्ये त्या मागणीसाठी हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले.

शाळा आणि न्यायालय

दक्षिणेतील सरकारे गोऱ्या मुलांच्या शाळांवर जो खर्च करीत त्याचा लहानसा अंश कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला येई. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सूचनेवरून सिअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी शाळांच्या बांधकामासाठी मदत सुरू केली. वॉशिंग्टन १९१५ मध्ये वारले, पण १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. या शाळा देणगीदाराच्या नावाने ओळखल्या जातात, पण हिशेब वेगळे सांगतो. रोझेनवाल्ड निधीने सुमारे ४३ लाख डॉलर दिले, तर गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांनी वर्गणीतून सुमारे ४७ लाख डॉलर उभे केले. उरलेला मोठा वाटा सरकारी करांचा होता, आणि ते करही हे लोक आधीच भरत होते. कोणी लाकूड दिले, कोणी एक एकर जमीन, कोणी कापसाच्या पिकाचा वाटा, कोणी रविवारच्या जेवणावळीतून जमलेली नाणी. एकाच शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी निघाली. शाळेचे दार कायद्याने उघडले तरी खेड्यातील मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल तर ते दार त्याच्या उपयोगाचे नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणून त्यांच्या शिक्षणकार्याचा आरंभ वसतिगृहापासून झाला. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांची अक्षरओळख अशाच एखाद्या वसतिगृहाच्या पटावर आहे.

शिक्षणाच्या वरच्या टोकाला वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठ होते. १९२६ मध्ये मॉर्डेकाय जॉन्सन हे त्याचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. १९२९ मध्ये तेथील विधी विद्यालयाची सूत्रे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्याकडे आली. ते बाबासाहेबांहून चार वर्षांनी लहान होते. पहिल्या महायुद्धात अधिकारी असताना स्वतःच्याच सैन्याकडून झालेल्या अपमानांनंतर त्यांनी कायदा शिकण्याचा निश्चय केला, आणि हार्वर्डमधून विधी विषयात डॉक्टरेट घेतली. हॉवर्डमध्ये त्यांनी रात्रीचे वर्ग बंद करून पूर्णवेळ, कठोर शिक्षण सुरू केले. अनेकांना ते रुचले नाही. पण दोन वर्षांत विद्यालयाला राष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि १९३३ मध्ये थर्गुड मार्शल तेथून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले.

ह्यूस्टन यांची योजना अशी होती : स्वतंत्र पण समान हे तत्त्व एकदम मोडायला जायचे नाही, तर ते समान कोठेच नाही हे आधी सिद्ध करायचे, आणि त्यासाठी विधी विद्यालयांपासून सुरुवात करायची. न्यायाधीशाला कायद्याचे शिक्षण म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही, हा त्यामागील विचार. १९३५ मध्ये मार्शल आणि ह्यूस्टन यांनी डोनाल्ड मरे यांना मेरीलँडच्या विधी विद्यालयात प्रवेश मिळवून दिला व जानेवारी १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. डिसेंबर १९३८ मध्ये लॉइड गेन्स यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मिसुरी राज्याला सांगितले की कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला परराज्यात शिकण्याचे शुल्क देऊन राज्याची जबाबदारी संपत नाही.

या दोन निकालांच्या मधोमध, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्यात अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. मार्च १९२७ मध्ये ज्या तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि हजारो अनुयायांनी प्यायले, त्याचा न्यायनिवाडा होण्यास दहा वर्षे लागली. आपण सत्याग्रहाचा दिवस दरवर्षी साजरा करतो. त्या निकालाचा दिवस मात्र क्वचितच कोणाला आठवतो. पाण्याचाच विषय निघाला म्हणून सांगायचे : २७ जुलै १९१९ रोजी शिकागोच्या सरोवरात सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या किनाऱ्याकडे गेला. पाण्यावर कोठलीही रेषा आखलेली नव्हती. त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय होती. चवदार तळ्यावर पाणी पिऊन परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या त्याच्या आठ वर्षे आधीची ही घटना आहे.

आपला या देशाशी असलेला संबंध

या काळात भारतीयांना येथे स्थान नव्हते. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक प्रदेशातून येण्यास बंदी घातली होती. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला आला. त्या वेळी परदेशातून आलेल्याला नागरिकत्व मिळवण्यासाठी गोरा किंवा आफ्रिकन वंशाचा असणे आवश्यक होते. थिंड यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की ते उच्च जातीचे, शुद्ध आर्य वंशाचे आहेत आणि म्हणून गोरे आहेत. न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले. एकाच वर्षात एकीकडे जातीच्या उंचीवर गोरेपण मागितले जात होते आणि दुसरीकडे जातीने अडवलेले पाणी मागितले जात होते. या दोनपैकी आपला वारसा कोणता, याविषयी आपल्या मनात शंका नसावी.

भारतीयांसाठी हे दार थोडे उघडले ते १९४६ मध्ये, आणि खऱ्या अर्थाने १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेत, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर वर्षभराने झाला. पुलमन सेवकांची वर्गणी, अलाबामातील लाकडी शाळा आणि ह्यूस्टन यांचे खटले हे सगळे त्या लाटेच्या पाठीशी होते. आपण येथे आलो ते आपल्या पदव्यांच्या आणि कष्टांच्या बळावर, यात खोटे काही नाही. पण ज्या दारातून आलो ते दार उघडण्यासाठी दुसऱ्या एका समाजाने पिढ्या खर्च केल्या. म्हणून आपल्या घरातील एखाद्या पाहुण्याच्या तोंडी जेव्हा कृष्णवर्णीयांविषयी हलके उद्गार येतात, तेव्हा मुलांसमोर गप्प बसणे आपल्याला शोभत नाही.

बाबासाहेबांना या नात्याची जाणीव होती. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, दोन्ही समाजांच्या स्थितीत साम्य आहे, असे कळवून त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. डू बॉइस यांनी त्याच महिन्यात सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दोन महायुद्धांच्या दरम्यान एकमेकांना न भेटता समांतर चाललेल्या दोन वाटा त्या पत्रात क्षणभर एकत्र आल्या.

चार्ल्स ह्यूस्टन एप्रिल १९५० मध्ये वारले. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल त्यानंतर चार वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी आला. तो खटला त्यांच्या विद्यार्थ्याने, थर्गुड मार्शल यांनी जिंकला. हळूहळू बदल होईल, धीर धरा, असा उपदेश अन्याय करणाऱ्यांनी दोन्ही समाजांना नेहमीच केला आणि दोन्ही समाजांनी तो नाकारला. पण नाकारल्यानंतर वर्गणी, वसतिगृहे, मतदार याद्या आणि खटले ही हळूहळू चालणारी कामे त्यांनी स्वतःच हाती घेतली. आज या देशात जातिभेदाला भेदभावाच्या कायद्यात स्थान मिळावे म्हणून आपल्या संघटना झटत आहेत. २०२३ मध्ये सिएटल नगर परिषदेने ते दिले, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. ज्यांना या नकाराने निराशा आली असेल त्यांनी १९२८ ची पुलमन संघटना आठवावी, जिचा संप मोडला, सभासद गळाले, आणि तरीही नऊ वर्षांनी करार झाला.

पुढच्या फेब्रुवारीत मुले शाळेतून एखादा प्रकल्प घेऊन आली तर त्यांना रोझेनवाल्ड शाळांविषयी सांगावे आणि त्याच बैठकीत सोलापूरच्या वसतिगृहाविषयीही. आपल्या घरातील कोण, कोणत्या साली, कोणत्या वसतिगृहात शिकले हे ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवावे. ती नोंद आज केली नाही तर पुढील पिढीकडे केवळ मोठ्या तारखा उरतील.

जय भीम.